रंगखात्याची जीभ

माझी श्रिया दीड वर्षाची. जे दिसेल ते तोंडात. पण त्या आठवड्यात मला तिच्यापेक्षा तिच्या आजोबांची धास्ती जास्त होती.

शंकरराव, म्हणजे माझे सासरे, मिलच्या रंगखात्यात तीस वर्षं होते. मिल बंद पडली आणि ते घरी रेडिओ दुरुस्त करत बसले. रेडिओ बिघडलेला नव्हता. मी इंदौरच्या अन्नपूर्णा रोडवरच्या नव्या खाजगी कॉलेजात केमिस्ट्रीची डेमॉन्स्ट्रेटर. तिथे लॅब अटेंडंटची जागा निघाली, मी बाबांसाठी शब्द टाकला. प्रिन्सिपल स्मिता मॅडम म्हणाल्या, "आठवडाभर बघू. शनिवारी मी लॅबमध्ये येईन, तेव्हा ठरवू."

पहिल्याच दिवशी फर्स्ट इयरचा प्रोजेक्ट ग्रुप आला. पाण्यातला रंग कोळशाने काढायचा होता. सुरभीच्या हातात लेबल निघालेल्या दोन बाटल्या.

"मॅम, यातलं ॲसिड कोणतं?"

मी लिटमस शोधेपर्यंत बाबांनी एकीत बोट बुडवून जिभेला लावलंसुद्धा.

"हे. ॲसेटिक. पण फार पातळ केलंय."

"थुंका! बाबा, आधी थुंका!"

"अगं, रंगाची टाकी आम्ही अशीच तपासायचो."

उत्तर बरोबर निघालं, हेच वाईट झालं. "क्या बात है, दादाजी!" म्हणत पियुषनेही बाटलीकडे बोट नेलं. मी ते वाटेतच पकडलं.

घरी जाताना टेम्पोत मी म्हटलं, "मॅडमनी हे पाहिलं तर शनिवारी तुम्हाला नमस्कार करतील. आणि पोरं तुमचं बघून तेच करणार. पुढच्या बाटलीत काय असेल, कोणाला माहीत?"

"तीस वर्षांत मला काही झालं नाही, सूनबाई."

"आणि तुमच्या खात्यातले बाळकृष्णकाका? त्यांना चवच कळत नाही. काकू मिठाचा डबा लपवून ठेवतात."

बाबा स्टॉप येईपर्यंत रुमालाने जीभ पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते तोंडाला रुमाल बांधूनच लॅबमध्ये उभे. "जीभ बाहेर यायलाच नको," म्हणाले. मुलांना वाटलं, चंबळचा कोणी डाकू आलाय. आठवड्याभरात ते माझ्यापेक्षा कडक झाले. सुरभीला वेणी घालायला लावली. पियुषचा गुटखा थुंकवला. ॲसिडमध्ये पाणी ओतायला निघालेल्या एकाला म्हणाले, "उलटं. पाण्यात ॲसिड, आणि हळू. तुझं तोंड आईला ओळखू आलं पाहिजे ना?"

शनिवारी मी बाबांबरोबर पोचले तर मुलांनी मॅडमचं इंदौरी स्वागत मांडलेलं. गरम पोहे, वर शेव, जीरावन मसाला. मॅडम स्टुलावर, खूश. फक्त प्लेटी नव्हत्या, म्हणून पोहे लॅबच्या काचेच्या पेट्री डिशमध्ये.

"धुतल्यात मॅम, दोनदा!" सुरभी मला म्हणाली.

मॅडमनी चमचा उचलला. मी बोलायला हवं होतं. पण माझी नोकरी मार्चपर्यंतचीच, आणि मॅडम बाबांकडे बघून हसतही होत्या.

बाबांनी सरळ त्यांच्या हातातली डिश काढून घेतली.

"मॅडम, इथे खायचं नाही."

"हे सांगणारे तुम्ही कोण?"

"अजून कोणीच नाही. आज ठरणार होतं ना?"

बाबांनी डिश खिडकीशी नेऊन उजेडात तिरपी धरली.

"सुरभी, कोथिंबीर कोणी घातली?"

"कोणीच नाही, दादाजी. मिळालीच नाही."

"मग कडेला हे हिरवं काय आहे? हळदीवर निळा चढला की हाच रंग येतो. असे हजारो तागे काढलेत मी."

सुरभीचे डोळे भरले. "काल यात मेथिलीन ब्लू होतं, मॅम."

पियुषची दुसरी डिश चालू होती. "अरे भिया, मी तर पहिली सफाचट केली!" तो ओरडला. मी त्याला चुळा भरायला लावून डॉक्टरकडे पिटाळलं.

मॅडमनी चमचा खाली ठेवला.

"मंजिरी, तुम्ही कुठे होतात?"

"इथेच, मॅडम."

"तेच तर विचारतेय."

सोमवारी लेखी खुलासा द्यायचा, शिवाय लॅबचे नियम लिहून भिंतीवर लावायचे, असं मला सांगून त्यांनी बाबांच्या नेमणुकीचा कागद मागवला आणि उभ्याउभ्याच सही केली. बाबांनी खाली आपली सही केली, शाई वाळू दिली, मग माझ्यापुढे हात पसरला.

"किल्ली."

"कसली?"

"काचसामानाच्या कपाटाची. लोक त्यात जेवतात."