डाव्या हाताची साथ

अकॉर्डियन छातीवरून खाली ठेवील तर शपथ, म्हणून सगळे त्याला भात्याच म्हणायचे. आईच्या तोंडच्या जुन्या धुना घ्यायच्या, रिदम मशिनच्या ठेक्यावर नाचवायच्या, हा त्याचा धंदा. लोक डोक्यावर घ्यायचे, आई नाक मुरडायची. एक धून मात्र तिने बजावूनच शिकवली होती. पहिला भाग हाकेचा, दुसरा निरोपाचा. "हाक मारलीस की निरोपही द्यायचा. मध्येच सोडायचं नाही, सांगून ठेवते."

पण स्टुडिओतला रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "दुसरा भाग रडका आहे राव, उडवू या." आणि या शहाण्याने मान डोलावली! हाकेचा तेवढा तुकडा ठेक्यावर पुन्हा पुन्हा घोळवला.

मग दोघं ऐकायला बसले, तर त्यात डाव्या बाजूचा खर्ज वाजत होता. भात्याने डाव्या हाताने नुसता भाता ओढला होता, बटणांना बोटही लावलं नव्हतं.

"झकास साथ केलीस की!" रेकॉर्डिंगवाला खूश.

भात्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. खर्ज दर खेपेला किंचित उशिरा पडत होता. असा उशीर जगात एकाच माणसाचा. लहानपणी दोघा भावांत एकच बाजा होता. उजवीकडच्या सुरांच्या पट्ट्या याच्या, डावीकडची खर्जाची बटणं दादाची. दादाला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

त्या दिवसापासून बाजा गळ्यात अडकवला की डावा हात आपला आपण चालू लागायचा. खोटं कशाला बोला, भात्याला आनंदच झाला. दादा आला होता! पण हात गार पडत चालला. आधी बोटं, मग मनगट. चहाचा कप धरवेना, शर्टाची बटणं आई लावून देऊ लागली.

"मला काय ऐकू येत नाही होय रे?" एक दिवस ती कडाडली. "त्याला निरोप दे. हात गेला तर खाशील काय? आणि त्याला तरी किती ताटकळत ठेवशील?"

भात्याने दुसरा भाग धरला. डावा हात जागचा हलेना, भाता उघडेना.

"दादा, चल ना रे," तो म्हणाला.

भाता हळूहळू उघडला. दादाने स्वतःचा निरोप स्वतःच वाजवला, अगदी शेवटपर्यंत, तसाच किंचित उशीर करत. सूर विरला, हाताला मुंग्या आल्या, मग ऊब. भात्याने बाजाच्या चामडी पट्ट्यातून हात काढला, बोटं मिटून पाहिली. सुटलो बाबा एकदाचा, असं त्याला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

आई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"पुन्हा एकदा हाक मार ना त्याला," ती हळूच म्हणाली. "एकदाच."

भात्याने तो ऊबदार हात पुन्हा पट्ट्यात सरकवला.