एकतीस तारीख

मास्तर आणि वकील यांचं संयुक्त सरकार बनायला चाळीस दिवस लागले. त्यातले नऊ एकाच भांडणात गेले, फायलीवर पहिली सही कोणाची? दोघांच्या सह्यांशिवाय कागद हलणार नाही, एवढं आधीच ठरलं होतं. शेवटी तोडगा निघाला: विषम तारखेला आधी मास्तर, सम तारखेला आधी वकील. दोघांनी हातात हात घालून फोटो काढले.

करार टाइप केला मी. बाराव्या कलमाशी माझा हात थांबला. एकतीस विषम, आणि दुसऱ्या दिवशीची एक तारीखही विषम. म्हणजे मास्तरांची पाळी लागोपाठ दोनदा. सचिव माझ्या मागेच उभे होते. पूर्वी एकदा मी चूक दाखवली होती, तेव्हा "तुम्हाला कोणी विचारलंय का?" हे चारचौघांत ऐकून घेतलं होतं. आपल्या बापाचं काय जातंय, असं मनात म्हटलं आणि पुढचं कलम घेतलं.

माझा थोरला भाऊ तेव्हा तुरुंगात होता, संपात कारखान्याचं फाटक पेटवलं म्हणून. फुप्फुसं निकामी होत आली होती. त्याच्या शिक्षामाफीची फाइल नेमकी एकतीस तारखेला वर गेली. मास्तरांनी सही केली. वकील दौऱ्यावरून संध्याकाळी परतले आणि म्हणाले, "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी त्यांचं कॅलेंडरकडे लक्ष गेलं आणि डोकंच फिरलं. "काल मी दुसरा, आजही मीच दुसरा? मी काय ह्यांचा कारकून आहे?"

मास्तर म्हणाले, "करारात आहे ते आहे."

वकिलांनी दिवसभर एकाही फायलीला हात लावला नाही. संध्याकाळी पाठिंबा काढला. सत्तावन्न दिवसांत सरकार पडलं. काळजीवाहू सरकारला शिक्षा माफ करता येत नाही.

वहिनी दारातच उभी होती. "झाली का गं सही?"

"एक झाली."

"एकीवर नाही का सोडत?"

एकोणीस दिवसांनी भाऊ तुरुंगाच्या दवाखान्यातच वारला. वहिनीच्या हातात त्याचा चष्मा आणि स्वेटर दिला. ती मास्तरांना आणि वकिलांना रोज शिव्या घालते. मीही घालते, तिच्यापेक्षा मोठ्याने.

निवडणूक झाली. आकडे पुन्हा तसेच, पुन्हा तेच दोघे. जुनाच करार टाइपला आला. बाराव्या कलमाशी मी मागे वळले. "साहेब, एकतीसनंतर एक येते."

सचिवांनी बोटांवर मोजलं. "अरेच्चा, खरंच की. बरं झालं सांगितलंत." पेनाने त्यांनी एक ओळ वाढवली. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.