लाल झेंड्याच्या पलीकडे

रत्नागिरीत थंडी पडते ती मुख्यतः माणसांच्या अंगावर. हवेत ती फारशी सापडत नाही. पारा एकोणिसावर उतरला की कपाटातल्या कानटोप्या बाहेर येतात, शेजारीपाजारी ‘यंदा काय गारठा हो!’ म्हणून एकमेकांचं सांत्वन करतात, आणि तीच कानटोपीवाली माणसं दुपारी बारा वाजता भाट्याच्या किनाऱ्यावर घाम पुसत उंटावर बसतात. या थंडीचा यथोचित सन्मान व्हावा म्हणून गावातल्या काही उत्साही मंडळींनी डिसेंबरात दहा दिवसांचा ‘थंडी महोत्सव’ सुरू केला होता. अध्यक्ष अर्थातच अभय शेट्ये. त्यांची दोन हॉटेलं होती आणि दोन्हींच्या खिडक्यांतून समुद्र दिसत असल्यामुळे समुद्राविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटे.

महोत्सवाच्या सुरक्षा उपसमितीवर त्यांनी प्रेमला तांबे यांना घेतलं. तांबेबाई शाळेत बत्तीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालेल्या. वय त्रेसष्ट, चाल अजूनही कवायतीची, आणि आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाची मुलगीसुद्धा पाठ ताठ करी. देवरूखजवळच्या गावी नदीच्या डोहात त्या पोहायला शिकल्या आणि रत्नागिरीला आल्यापासून थंडीचे चार महिने रोज सकाळी भाट्याच्या समुद्रात उतरत आल्या. समितीत पोहता येणाऱ्या त्या एकट्याच होत्या. बाकीच्यांचा पाण्याशी संबंध पेल्यापुरता होता.

पहिल्या बैठकीला किनाऱ्यावरचा जीवरक्षक लवू भाटकर यालाही बोलावलं होतं. लवू पूर्वी मच्छीमार बोटीवर खलाशी होता. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि त्याने दोनच गोष्टी मागितल्या: इंजिनाची एक होडी आणि जोडीला आणखी एक माणूस.

“थंडीत समुद्र गप असतो, म्हणून लोकं फसतात,” तो म्हणाला. “सकाळचा मतलई वारा सुटतो तो जमिनीवरून दर्याकडं. लाट दिसत नाय, काय नाय. पन फुग्यावर बसलेला मानूस बघता बघता भायेर जातो. त्यात ओहोटी असली की खाडीच्या तोंडाची ओढ. मी एकटा शिट्टी फुंकून काय करनार?”

तांबेबाईंना लवूबद्दल आदर होता. पण लोकांबद्दल मुळीच नव्हता. त्या उठल्या आणि म्हणाल्या, “लवू, अरे किती जणांना कडेवर घेऊन फिरणार तू? ही काय बालवाडी आहे? घोडे झालेत एकेक. होडी ठेवलीस तर आणखी आत जातील, आहेच लवू आणायला म्हणून! माणसानं स्वतःची अक्कल स्वतः वापरावी.”

शेट्ये इतके खूश झाले की त्यांनी टाळी वाजवली. सुरक्षेचा इतका सोपा उपाय त्यांना आजवर कुणी सुचवला नव्हता. “बाई, लाखमोलाचं बोललात! वैयक्तिक जबाबदारी! हेच आपलं ब्रीदवाक्य!” होडी तिथल्या तिथे रद्द झाली. तिच्याऐवजी एक छापील अर्ज आला, ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर पाण्यात उतरत आहे’ असा, आणि सतरा फलक आले. फलकाच्या वरच्या दोन तृतीयांश भागात हात जोडलेले शेट्ये होते आणि उरलेल्यात ‘समुद्रापासून सावध राहा’ हे चार इंची अक्षरांत लिहिलं होतं. बाहेरगावचे पर्यटक तो फोटो पाहून हळूच विचारत, “हे गृहस्थ इथेच गेले का?”

अर्जाचा उपयोग मात्र झाला. लोक त्यावर सही करत आणि तो वाळूवर अंथरून त्यावर भजी ठेवत.

लवूने आपल्या परीने एक केलं. त्याचा चुलतभाऊ बाबू रोज सकाळी आपल्या इंजिनाच्या होडीतून खाडीच्या तोंडाशी जाळी ओढत असे. लवूने त्याला सांगितलं, “धा दिवस तितंच ऱ्हा रे. मी हात केला की ये.” याचा ठराव झाला नाही, कारण हे कुणाला सांगितलंच नव्हतं.

महोत्सवाच्या सहाव्या दिवशी, रविवारी, ‘सूर्योदय योग’ हा कार्यक्रम होता. भाट्याचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सूर्य तिथे पाठीमागच्या डोंगराआडून आणि मग सुरूच्या बनावरून आठच्या सुमारास उगवतो, ही अडचण कुणाच्या ध्यानात आली नव्हती. त्यामुळे दीडशे माणसं सात वाजल्यापासून समुद्राकडे पाहत सूर्याची वाट बघत होती आणि तो येत नाही म्हणून कंटाळून एकेक जण पाण्याकडे सरकत होता.

लवूने पहाटेच लाल झेंडा लावला होता. मतलई जोरात होता आणि ओहोटी लागली होती. तांबेबाई नेहमीप्रमाणे टॉवेल खांद्यावर टाकून आल्या.

“आज नको, बाई,” लवू म्हणाला. “झेंडा हाय.”

“तो त्यांच्यासाठी,” बाईंनी योगवाल्यांकडे हनुवटीने दाखवलं. “मी हा समुद्र तीस वर्षं ओळखते.”

“त्यो वळखतो काय तुमाला?”

बाई हसल्या. लवूने त्यांना असं उलट कधी विचारलं नव्हतं. त्यांनी टॉवेल झेंड्याच्या काठीलाच अडकवला आणि सरळ पाण्यात शिरल्या.

पाणी छान होतं. लाट नाही, फेस नाही, तळ्यासारखं गप. बाई शंभरेक हात आत गेल्या आणि किनाऱ्याला समांतर पोहू लागल्या. शिट्टी ऐकू आली तेव्हा त्यांनी मनात म्हटलं, लागला हा कुणाच्या तरी मागे. मग किंकाळी ऐकू आली. वळून पाहिलं तर एक प्रचंड गुलाबी हंस त्यांच्या बाजूने समुद्राकडे निघाला होता. हवा भरलेला, नाकात नथ रंगवलेला, आणि त्यावर स्वेटर घातलेली एक तरुणी मानेला मिठी मारून बसलेली. मागे छातीभर पाण्यात उभा राहून तिचा नवरा ओरडत होता, “श्रद्धा, उतर! श्रद्धा, उतर!” उतरायला खाली जमीन नाही हे श्रद्धाला दिसत होतं, त्याला दिसत नव्हतं.

“उतरू नकोस!” बाई मैदानावरच्या आवाजात ओरडल्या. “धरून बस! पाय पाण्यात सोड!”

त्यांनी हात मारले. हंस वाऱ्यावर होता, बाई पाण्यात. पहिले काही क्षण अंतर वाढतच गेलं. अखेर त्यांच्या हाती शेपूट लागलं. त्यांनी ते धरलं आणि किनाऱ्याकडे पाय मारायला सुरुवात केली. बऱ्याच वेळाने मान वर करून पाहिलं, तर सुरूची झाडं मघापेक्षा बुटकी झाली होती. बाईंना आपल्या पायांचा फार अभिमान होता. त्यांनी आणखी जोर लावला, तेव्हा उजव्या पोटरीत गोळा आला, असा की डोळ्यांसमोर काजवे चमकले. मग त्यांनी पाय मारणं सोडलं. आता बाई हंसाला ओढत नव्हत्या, हंस बाईंना नेत होता.

“आजी, आपण बुडणार का?” श्रद्धाने विचारलं. तिचे दात वाजत होते.

“नाही,” बाई म्हणाल्या. पुढे काहीतरी धीराचं बोलावं म्हणून त्यांनी आठवून पाहिलं, पण सुचलं ते इतकंच, की होडी नाही. होडी मागणाऱ्याला सगळ्यांसमोर खाली बसवलं होतं, आणि ज्या बाईने बसवलं ती आता एका गुलाबी पक्ष्याच्या शेपटाला लटकली होती. आपण मरू याची त्यांना भीती वाटलीच. पण त्याहून भीती वाटली ती ही पोर आपल्या डोळ्यांसमोर हातातून सुटेल याची.

इंजिनाची फटफट ऐकू आली तेव्हा त्यांना प्रथम खरंच वाटलं नाही. लवूने हात करून बोलावलेली बाबूची होडी त्याला किनाऱ्यावरून घेऊन तिरकी आली आणि वाऱ्याच्या बाजूला उभी राहिली. पुढे लवू गुडघ्यावर बसला होता. त्याने आधी श्रद्धाला वर घेतलं, मग बाईंच्या दोन्ही बगलांत हात घालून त्यांना मासळीची टोपली उचलावी तसं आत ओढलं. बाई तळाशी, ओल्या जाळ्यावर पडून राहिल्या. लवूने त्यांच्या पोटरीला अंगठा लावून रगडायला सुरुवात केली.

“झेंडा दिसला नाय काय, बाई?” त्याने विचारलं.

“दिसला,” बाई म्हणाल्या.

किनाऱ्यावर योग संपून मोबाईल सुरू झाले होते. श्रद्धाचा नवरा शुभंकर धावत आला, बायकोला मिठी मारली आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं रडत म्हणाला, “आजींनी वाचवलं! आजी नसत्या तर…” टाळ्या झाल्या. तांबेबाईंनी त्याला बाजूला घेतलं आणि झेंड्याकडे बोट दाखवलं. “हे काय आहे? आत कशाला पाठवलीस तिला?”

शुभंकर गोंधळला. उत्तर श्रद्धानेच दिलं, अगदी भोळेपणाने. “तुम्हीच गेलात ना आजी. काठीला टॉवेल अडकवून. आम्ही साताऱ्याचे, आम्हाला काय कळतं समुद्रातलं? म्हटलं, इथल्या माहितगार बाई जातायत म्हणजे झेंडा असाच लावला असेल.”

बाईंनी मान वळवून पाहिलं. टॉवेल अजून काठीवर होता.

दुपारपर्यंत व्हिडिओ गावभर झाला. ‘त्रेसष्ट वर्षांच्या वाघिणीने मृत्यूच्या जबड्यातून खेचले!’ व्हिडिओत होडी नव्हती. ती दिसू लागली तेव्हा चित्रण करणाऱ्याने मोबाईल स्वतःकडे वळवला होता. ठाण्याहून मुलगी रसिकाचा फोन आला. ती आधी रडली, मग रागावली, मग म्हणाली, “आई, एक विचारू? व्हिडिओत लाल झेंडा दिसतोय. तू तिथे काय करत होतीस?”

“पोहत होते.”

“बरं,” रसिका म्हणाली, आणि फोन ठेवला. ती बाईंचीच मुलगी होती. कुठे थांबायचं ते तिला कळत असे.

संध्याकाळी रंगमंचावर सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, आणि शेट्येंचं भाषण. समितीच्या सुरक्षा उपायांमुळेच हे प्राण वाचले, असं त्यांनी सांगितलं. कोणत्या उपायामुळे ते सांगितलं नाही. मग माईक बाईंकडे आला.

“झेंडा लाल होता,” बाई म्हणाल्या. “लवूनं मला नको म्हटलं. मी ऐकलं नाही. मला बघून ती मुलगी गेली. मी तिला वाचवलं नाही. आम्हा दोघींना लवूनं आणि बाबूनं आणलं.”

 मग शेट्ये माईकवर झुकले. “किती हा विनय! जोरदार टाळ्या!” आणि खरोखरच जोरदार टाळ्या पडल्या. बाईंनी एवढ्या जणांसमोर खरं बोलून पाहिलं होतं, ते असं फुकट गेलं. त्यांनी अंगावरची शाल काढली आणि खाली कडेला उभ्या असलेल्या लवूकडे पुढे केली.

“नाही नाही, बाई,” शेट्ये कुजबुजले. “त्याला टी-शर्ट दिलाय समितीनं.”

तेव्हा तांबेबाई रंगमंचाच्या मधोमध खुर्ची ओढून बसल्या. माईक हातातच होता. “बैठकीत होडी नको असं मीच म्हटलं होतं. चुकले. लोकांनी अक्कल वापरावी हे माझं म्हणणं अजून आहे. पण माझी कुठे गेली होती, हे सकाळी सगळ्यांनी पाहिलं. आता होडीचा ठराव करा. सुट्ट्या संपेपर्यंत बाबूची होडी, आणि लवूला जोडीदार.”

“पुढच्या वर्षी नक्की विचार करू, बाई.”

“मला घाई नाही,” बाई म्हणाल्या आणि पाठ ताठ करून बसून राहिल्या.

मागे ऑर्केस्ट्रा ताटकळला होता. गायिका दोनदा डोकावून गेली. प्रेक्षकांतून शिट्ट्या सुरू झाल्या. माणसांच्या जिवासाठी जे जमलं नव्हतं ते गाण्यांसाठी सव्वातीन मिनिटांत जमलं: ठराव मांडला गेला, अनुमोदन मिळालं, मंजूरही झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पुन्हा किनाऱ्यावर आल्या तेव्हा झेंडा लालच होता. त्या लवूशेजारी वाळूवर बसल्या. येणारे-जाणारे थांबत, “काय बाई, आज नाही?” विचारत, आणि बाई दरवेळी दात आवळून “नाही” म्हणत. हे पोहण्यापेक्षा जड होतं. साडेदहाला वारा पडला, भरती लागली, लवूने हिरवा झेंडा लावला आणि पाण्यात दोन दोऱ्या बांधून त्यांच्या मधली जागा पोहणाऱ्यांसाठी मोकळी केली.

त्या जागेत चाळीसेक माणसं एकदम शिरली. बाईही शिरल्या. कमरेएवढं पाणी, एका बाजूला सेल्फी, दुसऱ्या बाजूला कानटोपी घालून डुबक्या मारणारे एक काका. बाईंनी पहिला हात मारला, तोच कुणाची तरी टाच त्यांच्या नाकावर बसली.

“सॉरी हां, आजी,” काका म्हणाले. “जरा बघून पोहायचं ना.”

बाईंनी तोंड उघडलं, लवूकडे पाहिलं, आणि मिटलं. मग त्या उताण्या झाल्या आणि दोरीपासून दोरीपर्यंत, दहा-दहा हातांच्या फेऱ्या मोजू लागल्या.