ताडकळसचे भिंग आणि बायनाबाईची टाच

मी एक जुने भिंग आहे, आणि सत्य माझ्यापासून कधीच लपत नाही. अर्थात, मला कोणी ड्रॉवरमधून बाहेर काढले तर.

मित्रांनो, माझा जन्म हैदराबादचा. ताडकळसच्या दत्तराव डॉक्टरांनी मला आणले तेव्हा माझ्या पितळी दांड्याचे फार कौतुक झाले. पुढे त्यांच्या मुलीसाठी आलेल्या स्थळांचे फोटो मी तपासले. तिचे लग्न जमले आणि मी कापसाच्या बोळ्यांशेजारी अंधारात पडले. बोळे बोलत नाहीत.

पंच्याऐंशी साली, ऊसतोडीला जाण्याआधी, बायनाबाई टाच दाखवायला आली.

"काटा मोडला होता जी. बिब्बा तापवून लावला, तवापासून काळं हाय."

काट्यावर बिब्ब्याचा चटका हा आमच्याकडचा रिवाजच, डाग पडतोच. डॉक्टर खुर्चीतूनच म्हणाले, "बिब्बा उतलाय. मलम लाव."

मी ड्रॉवरमध्येच होते.

हंगाम संपवून ती परत आली, ती लंगडत. सोबत नवरा, सटवाजी.

"डॉक्टरसाब, बिब्बा चालायलाय बगा! टाचेवरून घोट्याकडं निगालाय. बायकूपेक्षा चपळ हाय."

"तुमी गप बसा," बायनाबाई म्हणाली. "माज्याबिगर एकले ऊस तोडता का? डॉक्टरसाब, दसऱ्यापत्तर बरं व्हईल न्हवं?"

डॉक्टर उठले. मला पुसले. डागाची कड कुरतडल्यासारखी होती. आत काळा, तपकिरी, निळसर असे रंग वेगवेगळे. भोवतीच्या कातडीत घोट्यापर्यंत खसखशीएवढे काळे ठिपके. डॉक्टरांनी जांघ चाचपली. तिथे सुपारीएवढी गाठ लागली.

"बाई, बिब्ब्याचा डाग कातडी निघाली की जातो. हा पसरलाय. कातडीचा कॅन्सर वाटतो."

"कॅन्सर? म्या तर तंबाकूबी खात न्हाई!"

डागाचा तुकडा काढून तपासला, तेच निघाले. मोठ्या दवाखान्यात पाऊल कापून काढले, पण रोग पुढे गेला होता. दसऱ्याआधीच ती गेली. सटवाजी त्या साली ऊसतोडीला गेला नाही. नवरा-बायकोच्या जोडीशिवाय मुकादम टोळीत घेत नाही.

काही दिवस डॉक्टरांनी मला टेबलावर ठेवले, येईल त्याचे तळवे पाहिले. मग पुन्हा ड्रॉवर, पुन्हा बोळे.

मित्रांनो, आपले तळवे अधूनमधून पाहत जा. डाग वाढला, कड वाकडी झाली, रंग बदलला, तर लगेच दाखवा. आणि डॉक्टरांना खुर्चीतून उठवा. माझ्यावाचून अडू देऊ नका. बायनाबाईचा डाग पहिल्याच दिवशी जांभळाएवढा होता. भिंगाशिवायही दिसत होता.