बैठकीखालची पेटी

तक्रारीचा फोन आला की गुरुदत्तच्या कपाळावर आठी उमटायची. डोंबिवलीच्या एमआयडीसीत त्याचं बॅटऱ्या बांधायचं लहानसं वर्कशॉप होतं. सुटे सेल आणायचे, पट्ट्यांनी एकमेकांना जोडायचे आणि पत्र्याच्या पेटीत बसवून द्यायचे, हा त्याचा धंदा. माणूस कामाला चोख होता. १९९८ च्या उन्हाळ्यात ठाण्याच्या एका सेवाभावी संस्थेने अपंगांना बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकी गाड्या वाटायचं ठरवलं आणि बॅटऱ्यांचं काम त्याच्याकडे आलं. नफा न घेता आपण हे करतोय, याचा त्याला मनातून अभिमान वाटत होता.

पहिली गाडी चाचणीसाठी वर्तकनगरच्या रतनला दिली होती. रतन पूर्वी बांधकामावर जायचा. परांचीवरून पडला आणि कमरेखालचं अंग कायमचं निकामी झालं. आता तो कॉलनीच्या नाक्यावर टेलिफोनचा बूथ चालवायचा. त्या दिवशी फोन त्याचाच होता.

“साहेब, पेटी जाम तापते. सीटखाली हात घातला की चांगलीच गरम लागते.”

“बॅटरी आहे, थोडी तापणारच. त्यात मे महिना. मी स्वतः बसून चालवून बघितलीय, काही होत नाही.”

“चढाला जास्त तापते पण.”

“मग चढाला हळू घ्या,” म्हणत गुरुदत्तने फोन ठेवला.

समोर संस्थेचे चिटणीस काळुराम बसले होते. ते हसून म्हणाले, “फुकट मिळालं तरी लोकांची कुरकूर काही संपत नाही.”

गुरुदत्तही हसला. पण खरी गोष्ट त्याला ठाऊक होती. बैठकीखाली जागा कमी म्हणून त्याने सेल एकमेकांना चिकटवून, मध्ये बोटभरही फट न ठेवता बसवले होते. कडेचे सेल निवायचे, मधल्यांची उष्णता मात्र आतच कोंडून राहायची. दुकानात विकायची गाडी असती तर त्याने फटी ठेवल्या असत्या, पेटी मोठी केली असती. इथे त्याने स्वतःची समजूत घातली होती, ‘वाटपाच्या गाड्या आहेत, चालून जाईल.’

आठवडाभराने रतनची बायको मालू वर्कशॉपच्या दारात उभी राहिली. ठाण्याहून एकटीच आली होती. गुरुदत्तने खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही.

“साहेब, ती पेटी काढून न्या. ह्यांची मांडी भाजलीय.”

“भाजली? कधी?”

“तेच तर कळलं नाही. अंघोळ घालताना मी बघितलं, तर मागे हा एवढा फोड. फुटलेला पण. ह्यांना पत्ताच नाही. त्यांना खाली काही लागतच नाही ना, थंड नाही की गरम नाही.”

गाडी आपण स्वतः बसून तपासली, हे गुरुदत्तने किती जणांना सांगितलं होतं. बैठक गरम लागली तेव्हा तो जरासा सरकून बसला होता, इतकंच. आपण सरकलो, हेही त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं.

तो मालूबरोबरच निघाला. खोलीत रतन पालथा पडला होता, हनुवटीखाली उशी घेऊन. जखमेवर पट्टी होती. डॉक्टरांनी जखम भरेपर्यंत बसायचं नाही असं बजावलं होतं. असल्या अंगावरची जखम चिघळली तर जिवावर बेतते, असंही सांगितलं होतं.

“रतन, तू इतका वेळ त्यावर बसलास कसा?” गुरुदत्तच्या तोंडून निघून गेलं.

रतनने मान वळवली. आवाजात राग नव्हता. “साहेब, तुम्हाला चटका बसला तर तुम्ही उठाल. मला चटका बसतच नाही, मी उठणार कधी? हाताला गरम लागली म्हणून मी फोन केलेला.”

“मला वाटलं, उन्हाळा आहे म्हणून…”

“नाही साहेब. तुम्हाला वाटलं, फुकटची गाडी घेतलीय, वर तक्रार कसली करतो. त्यात तुमचं एकट्याचं नाही, सगळ्यांचंच तसं असतं. लोक जुने कपडे देतात त्यांची बटणं तोडून ठेवतात. पण मला सांगा, गाडी फुकट असली तरी माझी कातडी फुकटची आहे का?”

मालू दाराशी उभी राहून ऐकत होती. गुरुदत्त खाली मान घालून बसला. तो म्हणाला, “रतन, पेटी चुकीची बांधली होती. बांधताना मला माहीत होतं.” हे बोलायला त्याला फार जड गेलं, पण बोलल्यावर बरं वाटलं.

वाटपाचा समारंभ येत्या रविवारी होता. गुरुदत्त तिथूनच काळुरामांकडे गेला, रतनची मांडी बैठकीवर भाजल्याचं सांगितलं आणि गाड्या देता येणार नाहीत म्हणाला. काळुराम चकित झाले.

“अहो, मांडव ठरलाय, पाहुणे ठरलेत. बाकीच्यांना बैठकीवर जाड टॉवेल टाकायला सांगू.”

“त्यातल्या कितीजणांना मांडीला चटका कळतो, ते तुम्हाला माहितीय?”

“ते कसं माहीत असणार?”

“मलाही नव्हतं. आपण कोणी विचारलंच नाही. काळुरामजी, तुमच्या आईसाठी गाडी घेतली असती तर टॉवेल टाकून दिली असती का?”

काळुराम रागावले, कुरबुरले, पण समारंभ पुढे ढकलला गेला.

गुरुदत्तने सगळ्या पेट्या उकलल्या. आता त्याने दोन-दोन सेलांमध्ये फट ठेवली, मध्ये ॲल्युमिनियमचे पत्रे घातले, म्हणजे उष्णता बाहेर येईल. पेटीला दोन्ही बाजूंनी हवेच्या जाळ्या केल्या आणि ती बैठकीखालून काढून मागच्या चाकांमध्ये नेली. इस्त्रीत असतो तसा, फार तापलं की वीज आपोआप तोडणारा लहान स्विचही बसवला. जखम भरल्यावर रतन पुन्हा चाचणीला बसला. थर्मामीटर खिशात घेऊन तो भर दुपारी पोखरण रोडचा चढ चढायचा, मध्ये थांबून पेटीचं आणि बैठकीचं तापमान बघायचा. “अजून जास्त आहे” म्हणाला की गुरुदत्त निमूटपणे पेटी उघडायचा. रतनने “आता ठीक आहे” म्हटल्यावरच बाकीच्या गाड्या तयार झाल्या.

पावसाळा संपल्यावर गाड्यांचं वाटप झालं. काळुरामांनी भाषणात गुरुदत्तला दानशूर म्हटलं. गुरुदत्त माईकपाशी गेला. बोलायची सवय नव्हती.

“मी दान वगैरे काही केलं नाही. आधी मी कमी प्रतीची पेटी बांधली होती, कारण ती फुकट द्यायची होती. त्याची शिक्षा रतनने भोगली. आज ज्यांना गाड्या मिळाल्यात त्यांना एकच विनंती. काही खटकलं तर मला सांगा. गाडी तुमची आहे, तक्रार करायचा हक्कही तुमचा आहे.”

टाळ्या थोड्या उशिराच वाजल्या. पहिल्यांदा वाजवल्या त्या मालूने.

वाचकहो, आपणही देतोच. कामाच्या बाईला उरलेलं अन्न देतो, अनाथाश्रमाला विटके कपडे देतो, पूरग्रस्तांना जुनी अंथरुणं देतो, आणि घेणाऱ्याने तोंडातून ब्र काढला की आपल्याला राग येतो. जे स्वतःच्या माणसाला देताना आपला हात आखडेल, ते दुसऱ्याला देऊ नये. आणि घेणारा काही सांगत असेल, तर आधी त्याचं ऐकून घ्यावं. त्याला कुठे आणि किती भाजतंय, हे आपल्या अंगाला कधीच कळणार नसतं.