उलटी बसलेली काच

चिमट्यात धरलेली, कॅमेऱ्यातली फोकस दाखवणारी काच त्याने खिडकीकडे तिरकी केली, आणि काड्यापेटीच्या निम्म्या आकाराच्या त्या तुकड्याची एक बाजू चकाकली, दुसरी दुधी राहिली. तिच्यावर बोटाचा ठसा उठायला नको — संध्याकाळी गिऱ्हाईक येणार, कॅमेरा डोळ्याला लावणार, आत डाग दिसला तर म्हणणार, आजोबांनी नीट सांभाळलेला नाही. सांभाळला नाही? जुन्या बाजारात गंजक्या इस्त्रीखालून उचललेला, लेन्सला बुरशी, आतला स्पंज वितळून डांबर झालेला... मरमर खपून त्याने तो माणसांत आणला होता. आणि आता विकायचा. बायकोला सांगितलं होतं, कंटाळा आला. कंटाळा कसला, भीती होती.

वडिलांचे डोळे याच वयात गेले. “हल्ली उजेड कमी पडतो,” असं ते म्हणत राहिले, भर दुपारी, दारात बसून — आणि घरातले सगळे होला हो करत राहिले. त्यालाही फिल्मच्या गेल्या दोन रोलांनी तेच बजावलं होतं. नातीचा चेहरा व्ह्यूफाइंडरमधून पाहताना लख्ख, पापणीन्‌पापणी दिसावी असा, आणि फोटो धुऊन आला की धुकट. एक नाही, सगळेच. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन नको ते ऐकण्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची. कॅमेराच गेला म्हणजे फोटो तरी चुगली करणार नाहीत...

काच परत बसवायला त्याने ती आडवी धरली. दुधी बाजू खाली, कॅमेऱ्यातल्या आरशाकडे... खाली? हात तिथेच थांबला. मघाशी काढताना ती वर होती. मागे एकदा हीच काच त्याने धुतली होती, शीळ घालत, स्वतःच्याच हातावर खूश होत, आणि तेव्हाच उलटी बसवून दिली होती — नातीचे फोटो त्यानंतरचे! आणि त्या फोटोंत तिच्या मागच्या खुर्चीची वेताची वीण कशी कोरल्यासारखी आली होती... म्हणजे फोकस होता की! उलट्या काचेनं भलत्या ठिकाणी नेला होता, पण होता. मग मला हे दिसलं कसं नाही? एवढा जुना खेळाडू मी — भीतीनं अक्कल गहाण पडली, दुसरं काय.

काच सुलट बसवली तरी खात्री होईना. त्याने टेबलाच्या टोकाला औषधाची बाटली ठेवली, तिच्यावर फोकस नेमका केला, मग कॅमेऱ्याची पाठ उघडून फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर चिकटवला, शटर उघडं धरलं आणि भिंगातून पाहिलं. कागदावर बाटली उलटी उभी होती, आणि तिच्यावरचं बारीक अक्षरन्‌अक्षर वाचता येत होतं. तो इतक्या मोठ्यानं हसला की बायको ओल्या हातांनी धावत आली.

“काय झालं?”

“काच उलटी बसवली होती! मीच, या हातांनी.”

ती समोर बसली. पदराला हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी.

“म्हणजे डोळे बरे आहेत?”

डोळ्यांचा विषय त्याने तिच्यापाशी कधीच काढला नव्हता. “तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? नातीचे फोटो तुम्ही स्वेटरखाली लपवलेत, तेव्हाच धस्स झालं. तुम्ही अंघोळीला गेलात की मी कॅमेरा घेऊन बसायचे. फोकस लावायला शिकत होते. म्हटलं, मी लावत जाईन, तुम्ही नुसतं बटण दाबा.”

“अगं, त्या उलट्या काचेतून?”

“मला काय ठाऊक उलटी ते! छान जमायला लागलं होतं की.”

त्याला पुन्हा हसू आलं. हायसं वाटत होतं, अगदी मोकळं... पण ते डोळ्यांचं होतं की हिचं, हे त्याला वेगळं करता येईना. इतके दिवस आपण एकटेच घाबरतोय असं धरून तो तिच्याशी खोटं बोलत होता, आणि ती भिंतीपलीकडे बसून त्याच्यासाठी तयारी करत होती.

“डॉक्टरकडे मात्र उद्या जायचंच,” ती म्हणाली, आणि त्याने मान हलवली. गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते सुचत नव्हतं. न सुचण्याचं काही वाटतही नव्हतं.

पाठ लावून त्याने कॅमेरा तिच्याकडे सरकवला. “दाखव बघू, कसा लावतेस.”

तिने तो उचलला, भलताच डोळा मिटला, मग दुसरा मिटला, आणि लेन्स त्याच्यावर रोखून रिंग फिरवायला लागली — पुढे, मागे, पुन्हा पुढे. एरवी त्याने दोनदा टोकलं असतं. आता तिला आपण स्वच्छ दिसेपर्यंत असंच बसून राहायची त्याची तयारी होती.