डाव्या पंखावरचा चौदा

मी एक जुने लढाऊ यान आहे. तळहातावर मावेल एवढे, प्लास्टिकचे. अवकाश मी कधी पाहिले नाही, मार मात्र खऱ्या लढाईसारखा खाल्ला.

मित्रांनो, माझा जन्म जपानातल्या शिमिझू गावी मोचिझुकी कुनिहिको यांच्या टेबलावर झाला. त्यांनी खोक्यातल्या प्लास्टिकच्या चौकटीतून माझे सुटे भाग पकडीने तोडले, पात्याने कोपरे छाटले, काचकागदाने घासघास घासले. लढाईच्या खुणा हव्यात म्हणून तापलेली सुई पोटात खुपसली. मी तक्रार केली नाही. आम्हा यानांना रूप असेच येते.

मोचिझुकी जुने पाट्या रंगवणारे. बंदरावरच्या दुकानांची नावे त्यांच्याच ब्रशची. पुढे यंत्राने कापलेली चिकटवायची अक्षरे आली आणि त्यांचा धंदा बसला. तेव्हापासून चिकटवायच्या प्रत्येक गोष्टीशी त्यांचे हाडवैर. माझ्या खोक्यात डिकलचा कागदही होता. डिकल म्हणजे पाण्यात भिजवून अंगावर सरकवायचे पातळ आकडे आणि चित्रे. त्यांनी त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. उजव्या पंखावरचा तांदळाएवढा ‘चौदा’ त्यांनी बारीक ब्रशने काढला. अशी छोटी याने बनवणाऱ्यांच्या मंडळातले लोक भिंग लावून बघत आणि वाहवा करीत. मी फार शेफारले होते.

डावी बाजू मात्र कोरीच राहिली. आज उजेड नाही, आज रंग घट्ट झालाय, असे करता करता मी चार वर्षे कपाटात धूळ खाल्ली. खरे कारण मला ठाऊक होते. त्यांचा हात थरथरू लागला होता.

मग मंडळाने रविवारच्या प्रदर्शनासाठी मला मागितले. शनिवारी मोचिझुकी सार्वजनिक न्हाणीघरात गेले असताना त्यांची मुलगी सात्सुकी हिने तो कागद काढला. माझ्या डाव्या पंखावर ‘चौदा’ आणि शेपटीवर तारा बसवला, वर डिकल मऊ करणारे औषध लावले. त्या औषधाने डिकल आधी सुरकुततो, दुधावरच्या सायीसारखा. तासभर तसाच ठेवला की सपाट बसतो. नेमके तेवढ्यात ते परतले.

“काय केलंस हे? कातडं सोलल्यासारखं दिसतंय!”

“बाबा, हात लावू नका! वाळलं की बसेल.”

“माझ्या यानाला चिकटपट्ट्या लावतेस?”

त्यांनी अंगठा रगडला. ‘चौदा’च्या चिंध्या झाल्या. सात्सुकीने त्यांचे मनगट धरले, तशी त्यांनी तिच्या कानाखाली अशी वाजवली की ती टेबलावर आदळली. बाटल्या फुटल्या, पाती खाली सांडली.

“रंगवायला हात थरथरतो,” ती किंचाळली, “मारायला बरा चालतो!”

त्यांनी मला उचलून जमिनीवर आपटले. माझा उजवा पंख तुटला. मला वाचवायला तिने हात पुढे केला, आणि त्यांचा पाय त्या हातावर पडला. खाली पाते होते. रक्त माझ्या अंगावर आले. ती रक्ताळलेला हात धरून निघून गेली.

तासाभराने मोचिझुकी रक्त पुसायला बसले. शेपटीवरच्या ताऱ्याला कोणी हात लावला नव्हता. तो रंगवल्यासारखा सपाट बसला होता. त्यांनी नख फिरवून पाहिले, कड लागेना. मग त्यांनी स्वतःच्याच तोंडात मारून घेतली.

रविवारी पंख कसाबसा चिकटवून त्यांनी मला प्रदर्शनात मांडले. करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी ब्रशने तिथेच लिहिली. आधी सात्सुकीचे नाव, खाली आपले. दुपारी ती आली, हाताला पट्टी बांधून.

“अक्षर वाकडं आलंय,” ती म्हणाली.

“हो,” ते सगळ्या मंडळासमोर म्हणाले. “हात थरथरतो माझा. चार वर्षं झाली.”

तिने माफ केले की नाही, मला ठाऊक नाही. त्या दिवशी ती त्यांच्याबरोबर घरी गेली नाही.

मित्रांनो, मला उचलाल तर खालून धरा, पंखाचा जोड कच्चा आहे. तुमच्या घरात कुणाचा हात थरथरत असेल, तर त्याच्या पाठीमागे त्याचे काम उरकू नका, आधी त्याला विचारा. आणि थरथरणारा हात तुमचाच असेल, तर तो कुणावर उगारण्याआधी तसे सांगून टाका.